डोकं उन्हात, पाय सावलीत

आमच्या सोसायटीने बिल्डिंगला हिरवी जाळी बांधली, त्या दिवशी मी आमच्या ह्यांच्याशी दोनदा भांडले. एकदा, जाळी बांधायचं ठरवणाऱ्या कमिटीचे सेक्रेटरी हेच म्हणून. आणि दुसऱ्यांदा, ग्रिलमधल्या सगळ्या कुंड्या ताबडतोब आत घ्याव्यात, या नोटिशीखाली सही ह्यांचीच म्हणून. "अहो, बायकोला आधी सांगायचं तरी!" तर म्हणे, "बोर्डावर लावली होती की नोटीस." म्हणजे एका घरात राहून ह्यांच्या मनातलं मी खाली जिन्यात जाऊन वाचायचं.

मुलुंडची आमची बिल्डिंग जुनी, चार मजली, लिफ्ट नाही, आम्ही तिसऱ्यावर. प्लास्टर पडत होतं, सळया दिसायला लागल्या होत्या. रिपेअरिंग करायलाच हवं होतं, ते मला कळत नव्हतं असं नाही. बांबूची परांची बांधली, तिच्यावरून जाळी, आणि अर्धं काम होतंय तोवर पावसाळा आला. पावसाळ्यात काम बंद. माणसं गेली, परांची आणि जाळी तशीच राहिली. वर हॉलच्या बाजूला पाणी आत येऊ नये म्हणून निळं प्लॅस्टिकही ताणलं. भर दुपारी ट्यूब लावावी लागायची. आरशात बघितलं की आपलंच तोंड आजारी दिसायचं.

आणि नेमकी त्याच दिवसांत माझी लेक बाळंतपणाला घरी आली. पाचवा महिना, इतक्या लवकर कोणी माहेरी येत नाही. पण डॉक्टरांनी आराम सांगितला होता, जावयाची शिफ्टची नोकरी अंधेरीला, तिचे सासू-सासरे दोघेही अजून कामावर. आणि आधी एकदा सगळं होऊन गेलं होतं. गेल्या वर्षी, दिवाळीनंतर, अशीच पाचव्यात असताना. त्याबद्दल आमच्याकडे कोणी बोलत नाही. नुसतं 'तेव्हा' म्हणतात. 'तेव्हा थंडी होती ना,' एवढंच.

आता कुंडीचं सांगते. आत घ्याव्या लागलेल्या कुंड्यांमध्ये एक होती कळलावीची. लिलीच ती. नर्सरीत ग्लोरी लिली म्हणून मिळते. लाल-पिवळ्या पाकळ्या, सगळ्या वर उलटलेल्या, चुलीतल्या जाळासारख्या. आमच्या गावाकडे पावसात कुंपणाकुंपणाला उगवते, कोणी ढुंकून बघत नाही. पण भाद्रपदात तिला भाव येतो. आमची गौर तेरड्याच्या जुडीची असते. जुडीला मुखवटा बांधायचा, साडी नेसवायची, आणि दोन बाजूंना हात म्हणून कळलावीची फुलं खोचायची. म्हणून घरात तिला कळलावी म्हणतच नाहीत, गौरीचे हात म्हणतात. गौर बसते घाटकोपरला, माझ्या मोठ्या जाऊबाईंकडे. हात मात्र आमच्याकडून जातात. सासूबाईंनी गावाहून कंद आणून माझ्या ताब्यात दिला तेव्हापासून.

गेल्या वर्षी फूल आलं नाही. कंद लावायला मला उशीर झाला, त्यात पाऊस लांबला, ऊनच नाही. वेल नुसती पानं काढत बसली. गौर बिनहातांची उभी राहिली. जाऊबाई म्हणाल्या, चालायचंच. आणि मग दिवाळीनंतर लेकीचं ते झालं.

आता या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे मला कळतं. मी काही अडाणी नाही, बी.कॉम. केलंय, इतकी वर्षं ऑफिसात काम केलंय. पण कळणं वेगळं आणि जिवाला लागणं वेगळं. कोणी मला काही बोललं नाही. मीच मला बोलत होते, भांडी लावताना, भाजी निवडताना, देवापुढे दिवा लावताना तर हमखास.

म्हणून या वर्षी काय वाट्टेल ते झालं तरी गौरीला हात न्यायचेच, असं मी ठरवलं होतं. कंद वेळेवर लावला. कोंब आला तो अंगठ्याएवढा जाड. आणि नेमकं घर अंधारात गेलं.

या झाडाचं उन्हाचं गणित आहे. सासूबाई म्हणायच्या, हिचं डोकं उन्हात आणि पाय सावलीत पाहिजेत. वर ऊन मिळालं नाही तर कळी धरत नाही, आणि मुळाशी ऊन लागलं तर कंद भाजतो. ग्रिलमध्ये ते आपसूक व्हायचं. कुंडी खाली, तुळस आणि कोरफडीच्या आडोशाला, आणि वेल ग्रिलचे गज धरत वर. आता हॉलमध्ये आणल्यावर ती ताडमाड वाढायला लागली, पण फिकट, सुतळीसारखी, सगळी एका बाजूला कललेली. मी रोज कुंडी फिरवायचे, ती परत जाळीकडे मान वळवायची.

काय काय नाही केलं. गच्चीत नेऊन ठेवली, तर नेमकी पावसाने उघडीप दिली आणि सावलीत वाढलेली ती पानं कडक उन्हात दोन दिवसांत कागदासारखी वाळली. वर वारा असा की एक फांदी मोडूनच पडली. हे म्हणाले, बल्ब लाव. लावला. एलईडीचा, पांढरा. ती बिचारी त्या बल्बाकडे वळली, पण त्यातून तिला काही मिळत नव्हतं हे दिसत होतं. शेजारणीकडे द्यावी तर तिच्याही खिडक्या जाळीत. जाऊबाईंकडे द्यावी तर त्यांची चाळीतली आतली खोली, तिथे सूर्य कधी फिरकतच नाही.

सगळ्या घरात खरं ऊन एकाच ठिकाणी येत होतं. आतल्या बेडरूममध्ये. तिथली खिडकी पूर्वेची, आणि कोपऱ्यात जाळीची दोन टोकं नीट जुळलेली नव्हती. तेवढ्या फटीतून सकाळी उन्हाचा एक पट्टा आत यायचा, आधी ग्रिलवर, मग खालच्या फरशीवर, आणि थोड्या वेळाने जायचा. डोक्याला ऊन, पायाला सावली. मुद्दाम बनवून घेतल्यासारखी जागा.

आणि त्या खोलीत माझी लेक झोपत होती.

आता यातला पेच सांगते. कळलावी पोटुशीच्या जवळ ठेवायची नाही. आमच्याकडे हे इतकं पक्कं आहे की त्यावर कोणी वादसुद्धा घालत नाही. गावात बाई अडली की सुईण तिच्या तळपायाला हा कंद उगाळून लावायची, म्हणजे मूल लवकर सुटतं म्हणे. म्हणून दिवस भरायच्या आत तिची सावली नको. विषारी तर ती आहेच, कंद हाताळला की मी अजून साबणाने हात धुते. ही लेक माझ्या पोटात होती तेव्हा सासूबाईंनी कुंडी उचलून थेट दुसऱ्या बिल्डिंगमध्ये नेऊन ठेवली होती, आणि गौरीपुरती फुलं तिथूनच परस्पर घाटकोपरला पाठवली होती. मला बघूसुद्धा दिली नाहीत.

म्हणजे ऊन नाही दिलं तर फूल नाही, फूल नाही तर गौरीला हात नाहीत, आणि मग गेल्या वर्षीसारखं. आणि ऊन द्यायचं तर ती वेल नेऊन माझ्या लेकीच्या उशाशी ठेवायची. दोन्हीकडून माझ्याच पोरीचं पोट. रडावं की डोकं आपटावं कळेना. हे म्हणाले, "अगं, झाड आहे ते." मी म्हटलं, "तुम्ही गप्प बसा, तुमच्या जाळीमुळे झालंय सगळं."

शेवटी मी चोरी सुरू केली. लेक सकाळी अंघोळीला गेली की कुंडी पाटावर ठेवून, पाटाखाली जुनं फडकं घालून, सरकवत तिच्या खोलीत न्यायची. ती अंघोळ करून हॉलमध्ये चहा घेत बसायची, मोबाइल बघायची, तेवढ्यात वेलीला ऊन मिळायचं. ती उठायची चिन्हं दिसली की मी धावत आत जायचे आणि कुंडी बाहेर.

"आई, तू रोज माझ्याच खोलीत काय करतेस गं?"

"केर काढतेय."

"कालच काढलास ना."

"केर रोज होतो, बाई. तुला कळेल आता."

शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि माझी जीभ मीच चावली. 'आता' म्हणायचं नव्हतं. दृष्ट लागते. ती कप घेऊन बसून राहिली.

वेल मात्र सुधारायला लागली. पानांवर हिरवा रंग चढला, मान सरळ झाली. मी मनातल्या मनात दोघींचे दिवस मोजत होते, हिचे आणि तिचे. सहावा सरला, सातवा लागला.

मग एका सकाळी सोनोग्राफीला जायचं होतं. हिला भूक लागली होती पण काही जात नव्हतं, हे रिपोर्टची पिशवी शोधत होते, रिक्षा खाली उभी, आणि त्या गडबडीत कुंडी आतच राहिली. क्लिनिकमध्ये बाकड्यावर बसल्यावर आठवलं मला. डॉक्टरांनी आत बराच वेळ घेतला. बाहेर येऊन म्हणाल्या, बाळ ठीक आहे, पण पाणी थोडं कमी आहे, आता पूर्ण आराम. उठायचं नाही, जिने तर नाहीच. कुंडी आज तिथे राहिली आणि आजच हे. ह्यांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, पाणी काय सकाळपासून कमी झालं का? तेही खरंच होतं. पण मला ते पटवून घ्यायचं नव्हतं.

खुर्चीत बसवून शेजारच्या पोरांनी तिला तिसऱ्या मजल्यावर नेलं, ती थेट पलंगावर. आणि मी बघते तर वेलीने ग्रिल धरलेलं. या झाडाच्या पानांची टोकं दोऱ्यासारखी असतात, जे मिळेल त्याला विळखा घालतात. एक टोक गजाला, एक जाळीच्या धाग्याला, एक पडद्याच्या तारेला. दुसऱ्या दिवशी सोडवायला गेले तर अजून दोन. ओढलं असतं तर तुटलंच असतं. मी पडदा ओढून घेतला आणि पडद्याआड ती वेल लपवली. लेक पलंगावर, वेल पडद्यामागे, आणि मी दोघींच्या मध्ये स्टूल टाकून लसूण सोलत बसलेली. काय दिवस होते ते, हसू येतं आता. तेव्हा यायचं नाही.

रात्रंदिवस ती त्या खोलीत होती आणि झाडही. मला अन्न गोड लागेना. शेवटी एका दुपारी मी ठरवलं, खड्ड्यात गेले गौरीचे हात. गौर रागावली तर माझ्यावर रागावू दे, हिच्यावर नको. लेकीचा डोळा लागलेला बघून मी कात्री घेतली, पडदा बाजूला केला आणि खालून पहिली फांदी धरली.

"आई, कात्री खाली ठेव."

मी दचकले. ती जागीच होती, कुशीवर वळून माझ्याकडे बघत होती.

"अगं, ही... वाढलीय फार. छाटत होते."

"खोटं नको बोलूस ना. मला माहितीये सगळं. पहिल्यापासून. तू पाट सरकवतेस त्याचा आवाज बाथरूममध्ये येतो." आणि वर म्हणाली, "आणि ऊन आता उशिरा येतं. तू फार लवकर कुंडी काढायचीस. म्हणून मी परत येऊन ती तशीच ठेवायला सांगणार होते, पण तू ओरडली असतीस."

"तुला माहितीये पोटुशीजवळ..."

"माहितीये. आजी सांगायची." तिने खिडकीकडे हात केला. "मला इथे दुसरं बघायला काय आहे, आई? चारी बाजूंनी हिरवी जाळी. तू उठून गेलीस की हात लांब करून पडदा सरकवते आणि रोज हिला बघते. ही मेल्यात जमा होती ना, आली तेव्हा? आणि तरी धरून राहिलीये. मी म्हटलं, ही टिकली तर माझंही टिकेल. बास. तू हिला कापायची नाहीस."

कात्री हातात तशीच. मी ज्या झाडाला वैरी समजत होते, त्याच्यावर माझी पोरगी जीव टांगून बसली होती. मला इतकी भीती वाटली की सांगता येत नाही. एवढे दिवस मी ती वेल जगली म्हणून घाबरत होते. आता ती मरू नये म्हणून घाबरायची पाळी आली. पलंगावर बसले, तिला जवळ घेतलं आणि दोघी रडलो, तेव्हापासून अडलेलं सगळं रडलो. मग नाक पुसून मी म्हटलं, "उठू नकोस. फक्त सांग, ऊन कुठवर येतं ते."

तिला सगळं माहीत होतं. पट्टा कुठल्या गजावर पहिला पडतो, कुठे सरकतो, ढग असले की कसा विरतो. आणि तो दिवसेंदिवस बारीक होत चाललाय, हेही. सूर्य सरकत होता, जाळीची फट होती तिथेच. शेंड्याला कळ्या धरल्या होत्या, अजून हिरव्या, मिरचीएवढ्या. नेमकं त्याच वेळी डोक्यावरचं ऊन जात होतं.

मी हॉलमध्ये आले. हे पेपर वाचत होते. "अहो, जाळी कापायला हवी."

"सोसायटीची आहे ती. कॉन्ट्रॅक्टरला विचारल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही, आपणच नोटीस..."

"तुमच्या लेकीला ऊन पाहिजे."

बस्स, एवढंच बोलले. ह्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, पेपर घडी करून ठेवला, दाढीचं ब्लेड घेतलं आणि आत गेले. ग्रिलमधून हात बाहेर काढून, लेक सांगेल तसं, "बाबा, अजून वर, उजवीकडे, बास," जाळीला चांगलं ताटाएवढं भोक पाडलं. खालून कोणीतरी वर बघून ओरडलं, "ओ सेक्रेटरी, काय चाललंय?" हे म्हणाले, "इन्स्पेक्शन." त्या दिवशी मला हा माणूस पुन्हा आवडला.

गणपती आले. मला रोज सकाळी उठून आधी लेकीचं तोंड बघायचं आणि मग कळ्या, असा नेमच लागला. आठवा लागला होता. डॉक्टर म्हणाल्या होत्या, हा महिना काढू या. हा महिना. माझ्या कानात तेच फिरायचं. गौर आणायच्या दिवशी सकाळी दोन फुलं पूर्ण उमललेली. पाकळ्या वर उलटलेल्या, कडा पिवळ्या, आत लाल. उन्हाचा तुकडा बरोबर त्यांच्यावर. पुन्हा एकदा मी कात्री घेऊन उभी.

"काप ना, आई," लेक म्हणाली. "गौरीचे आहेत." पण तिने तोंड भिंतीकडे वळवलं होतं.

माझा हात पुढे होईना. "राहू दे. नाही कापत."

"नको, काप. नाहीतर मग गेल्या वर्षीसारखं..." आणि ती थांबली.

म्हणजे हिच्याही डोक्यात तेच होतं. वर्षभर. मी समजत होते, ही आग माझ्या एकटीच्या पोटात आहे, आणि ही तिकडे सासरी बसून त्याच आगीत जळत होती, एका शब्दाने मला न सांगता. मला माझाच राग आला, तिचा आला, त्या फुलांचाही आला. मी कात्री कपाटात टाकली. "गौरीला काय सांगायचं ते मी सांगते. तिलाही लेकरंबाळं आहेत. तू फक्त पडून राहा."

रिक्षाने घाटकोपरला निघाले खरी, पण हातात काही नाही म्हणून सारखं काहीतरी विसरल्यासारखं वाटत होतं. दर वर्षी ओल्या फडक्यात गुंडाळलेली फुलं मांडीवर असायची. अर्ध्या वाटेत दोनदा मनात आलं, रिक्षा फिरवावी, जावं, कापून आणावी. काय करून बसलेय मी? पोरीच्या हट्टापायी देवीचं तोडतेय. भांडुप मागे गेलं, कांजूर गेलं, मी तशीच बसून.

चाळीत बायका जमल्या होत्या. तेरड्याची जुडी पाटावर उभी, मुखवटा बांधलेला, साडीच्या निऱ्या जाऊबाई स्वतः लावत होत्या. माझ्याकडे न बघताच त्यांनी हात पुढे केला आणि गावच्या बोलीत विचारलं,

"आण गो. हात खंय आसत?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. जाऊबाईंचा स्वभाव कडक, देवाच्या कामात चूक झाली की चारचौघांत उभं करणाऱ्या. काहीतरी सांगावं, फुलंच आली नाहीत म्हणावं, असं क्षणभर वाटलं. पण गौरीसमोर उभी होते.

"घराक आसत, वयनी. फुलली आसत. चेडवाकडे ठेवून इलंय."

फुलं लेकीकडे ठेवून आले, हे ऐकून जाऊबाईंनी निऱ्या सोडल्या आणि वर बघितलं. त्यांना आठवा महिना माहीत होता, तेव्हाचं माहीत होतं, आणि कळलावी पोटुशीजवळ ठेवत नाहीत हे तर माझ्याहून जास्त माहीत होतं. मग तेरड्याच्या दोन फांद्या घेऊन त्यांनी गौरीच्या दोन बाजूंना खोचल्या.

"मगे बरा केलंस," त्या म्हणाल्या. "तेंचा काम थंयच आसा."

त्या हातांचं काम तिथेच, लेकीजवळ. मी पदर तोंडात कोंबला. आरती चालू असताना पर्समध्ये फोन वाजला, घरचा. गर्दीतून वाट काढत गॅलरीत आले, बटण दाबलं जाईना. "आई," लेक म्हणाली, "काकीच्या हातचं घाटलं आणशील ना? आणि घावन. जास्त आण, मला भूक लागलीये." इतके महिने जिला घास भरवायला मी हात जोडत होते ती. मी ओरडलेच, "अगं, असा फोन करतात का? जीव गेला असता माझा!" ती हसायला लागली.

आठवा सरला. मग वेल पिवळी पडायला लागली. दर वर्षी पडते. फुलं होऊन गेली की तिचं वरचं सगळं वाळतं, खाली कंद झोपतो. मला ते पाठ होतं. पण लेकीला ते कुठे माहीत? पहिलं पान पिवळं झालं त्या सकाळी तिचा चेहरा बघून मी हातातलं काम टाकलं. तिच्याजवळ बसले. म्हटलं, "ऐक. ती मरत नाहीये. तिचं काम झालंय. आता तिला ऊन नको, पाणी नको, काही नको. खाली कंद जिवंत असतो, नवा झालेला असतो." तिने त्या पिवळ्या पानाकडे बघितलं. "नक्की ना?" म्हणाली. "नक्की," मी म्हटलं, आणि मनात सगळ्या देवांना हाका मारल्या.

कळा सुरू झाल्या तेव्हा वेलीला एकही हिरवं पान नव्हतं. खाली उतरण्याआधी लेकीने भिंतीला हात टेकून मला बजावलं, "कुंडी अंधारात ठेव. कॉटखाली. विसरू नकोस." अशा वेळी पोरी काय काय बोलतात. मी कुंडी कॉटखाली सरकवली आणि तिच्यामागे जिना उतरले.

मुलगी झाली. दिवस भरून. जरा छोटी, पण रडली ती हॉस्पिटलचा मजला डोक्यावर घेऊन. हे बाहेरच्या बाकड्यावर बसून लहान मुलासारखे रडले. मग कळलं, बाळाला थोडी कावीळ आहे, आणि माझं हसणं तिथल्या तिथे विरलं. तिला निळ्या दिव्याखाली ठेवलं, डोळ्यांवर पट्टी, काचेच्या पेटीत. आम्ही दोघी काचेबाहेर उभ्या. घरी सोडताना डॉक्टर म्हणाल्या, घाबरण्यासारखं काही नाही, उतरलीये, दूध नीट पाजा, सकाळचं कोवळं ऊन थोडं मिळालं तर चांगलंच.

लेकीने माझं मनगट घट्ट धरलं. "आई, आपल्या घरात ऊन कुठेय?"

"आहे," मी म्हटलं. "आपल्याला माहितीये कुठेय."

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंडीच्या जागेवर मी तोच पाट मांडला आणि भिंतीला टेकून बसले. बाळाला मांडीवर घेतलं, दुपटं सोडलं. डोळ्यांवर माझ्या पदराची सावली धरली. डोकं सावलीत, पाय उन्हात; हिचं उलटं होतं. जाळीच्या भोकातून ऊन आलं, आधी गजावर, मग माझ्या गुडघ्यावर. बाळाच्या पायांपर्यंत काही पोचेना. मी वाट बघत बसले, घाबरले, आता हे ऊनही जाणार की काय.

"आई, सरक थोडी," लेक पलंगावरून म्हणाली. "डावीकडे. आता तिथे येतं ते. मी बघितलंय."

मी सरकले.